जीवदानीच्या पायऱ्या आणि दादाची भूक

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नाशिकला मेथी निवडत बसले होते.

"वन्सं, चार दिवस येऊन जा," ती म्हणाली. "हे जेवत नाहीत."

शेवटचं वाक्य तिनं आवाज खाली आणून सांगितलं, कारण 'हे' शेजारच्या खोलीत वजनकाट्यावर उभे होते. हे म्हणजे माझा थोरला भाऊ. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेला, विरार पूर्वेला चंदनसारला फ्लॅट घेतलेला आणि आयुष्यभर मन लावून जेवलेला माणूस. पंगतीत वाढपी त्याच्यासमोर आला की आपोआप रेंगाळायचा. आता दसऱ्यापासून तो रोज पहाटे जीवदानीचा डोंगर चढत होता, निम्मं जेवत होता आणि पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडत होता.

"व्यायाम करतोय म्हटल्यावर वजन उतरणारच गं," मी म्हणाले.

"अण्णांचंही असंच उतरलं होतं ना?"

 अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचं वजन उतरत होतं तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं. ते कशानं उतरतंय हे कळेपर्यंत उशीर झाला होता. मी मेथी तशीच फडक्यात गुंडाळली आणि पिशवी भरायला घेतली.

नाशिकहून जव्हार-मनोरमार्गे एसटीनं गेले. घाटातली वळणं मोजायची नाहीत असं ठरवलं होतं, त्यामुळे अण्णांचे शेवटचे दिवस मोजत बसले. मधल्या थांब्यावर वडा खाल्ला, नंतर चिक्की, नंतर शेजारच्या बाईंनी दिलेली बोरं. दिवसभर बसून राहिलं की मला सारखी भूक लागते; शरीराला बहुधा कंटाळा आणि भूक यांतला फरक कळत नाही. हमरस्त्यावर विरार फाट्याला उतरले तेव्हा जानेवारी असूनही अंगाला चिकटणारी हवा होती. रिक्षावाल्याला चंदनसार सांगितलं.

"नयी बिल्डिंग का पुरानी?" त्यानं विचारलं.

"जुनी."

"मग सांगा ना मावशी, जुनी म्हणजे किती जुनी? इथे मागच्या वर्षीची पण जुनीच झालीय."

त्याचं म्हणणं खरं होतं. दोन्ही बाजूंना मनोरे उभे होते आणि प्रत्येकाला एखाद्या परदेशी राजवाड्याचं नाव होतं. राजवाड्यांच्या पायथ्याशी पाण्याचे टँकर रांगेत होते.

दार दादानंच उघडलं. मी त्याच्याकडे पाहून हसले, पण ते हसू मला जमवावं लागलं. सदऱ्याची कॉलर मानेभोवती लांबूनच फिरत होती.

"काय शालू, ओळखलंस का?" त्यानं स्वतःभोवती एक गिरकी घेतली. "रविवारी सत्कार आहे माझा. शाल-श्रीफळ!"

सत्कार करणार होतं त्यांचं मंडळ. रोज पायऱ्या चढणाऱ्या या मंडळाचे संस्थापक-अध्यक्ष होते साळवी सर. दर महिन्याला ज्याचं वजन सर्वांत जास्त उतरेल त्याचा पायथ्याशी माईक लावून सत्कार होई. गेल्या महिन्यात दादाचा मान थोडक्यात हुकला होता; या रविवारचा त्यानं वजन व्हायच्या आधीच धरून ठेवला होता.

जेवताना मी त्याच्या ताटाकडे न बघता बघत होते. अर्धी पोळी, दुधी आणि भरपूर बोलणं. बोलण्यानं ताट भरल्यासारखं दिसतं. स्वयंपाकघरात वहिनी म्हणाली, "दुपारी चार वाजले की हे बाल्कनीत जाऊन उभे राहतात. भूक मरेपर्यंत आत येत नाहीत."

"म्हणजे भूक लागते तर!"

"लागते की. पण सर म्हणतात, भूक हा मनाचा रोग आहे."

भूक लागते हे ऐकून मला थोडं बरं वाटलं. अण्णांना लागत नव्हती. पण चिंता एकदा घरात शिरली की तिला बसायला जागा लागतेच. झोपेपर्यंत तिनं दुसरी जागा शोधली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही त्याच्याबरोबर निघाले. निघण्यापूर्वी दादानं मधुमेहाची गोळी घेतली. नाश्त्याच्या आधी घ्यायची असते म्हणून इतकी वर्षं तो ती दात घासल्यावर लगेच घेत आला होता. गोळीमागोमाग वहिनीचा उपमा येई. आता उपम्याच्या जागी डोंगर आला होता, कारण देवीचं दर्शन झाल्याशिवाय पाण्यापलीकडे तोंडात काही घालायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. वाचनालयात नोकरी केलेल्या बाईला एक पुस्तक दुसऱ्याशेजारी ठेवायची सवय असते. त्या पहाटे मात्र गोळी आणि उपास मी दोन वेगळ्या कपाटांत ठेवले.

फुलपाड्याच्या बाजूनं पायथ्याशी पोचलो तर मंडळ हजर होतं. सर्वांच्या अंगात पोपटी टी-शर्ट. छातीवर 'एक पायरी आरोग्याकडे' आणि पाठीवर एका बिल्डरची जाहिरात. त्यामुळे चढताना मागच्या माणसाला पुढच्याच्या पाठीवरचे वन-बीएचकेचे दर वाचत जावं लागे. दम लागण्याची सोय दुहेरी होती.

साळवी सरांनी मला नमस्कार केला. "ताई, तुमचे बंधू म्हणजे आमचा आदर्श! भूक जिंकलीय त्यांनी."

"कोणाकडून?" मी विचारलं. सर मोठ्यानं हसले. ते हसणंच माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजून पुढे गेले.

पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत, पण चांगल्या बांधल्यानं त्या कमी होत नाहीत. दोन्ही बाजूंना हार, ओटी, लिंबूपाणी, काकडीची दुकानं. म्हाताऱ्या बायका प्रत्येक पायरीला हळदीकुंकू लावत चढत होत्या आणि तरी माझ्या पुढे होत्या. दादा झपाझप जात होता, वळणावर थांबून मला हाका मारत होता. वर पोचल्यावर अर्धा वसई तालुका पायाखाली पसरला. या बाजूला इमारतींचं राखाडी पीक, पलीकडे रूळ, आणि त्याही पलीकडे ताडामाडांची हिरवी पट्टी समुद्रापर्यंत गेलेली. विरार या एकाच नावाची ही दोन गावं एकमेकांना ओळखत असतील असं वाटत नाही.

दर्शन झालं. पुजाऱ्यानं दादाच्या हातावर पेढा ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला आणि शेजारच्या एका पोपटी माणसाच्या हातात दिला.

"साखर," तो मला म्हणाला.

खाली आलो तेव्हा एक गंमत दिसली. मंडळातले निम्मे लोक वडापावच्या गाडीवर तुटून पडले होते. चढून आलोय म्हणजे हक्कच झाला, असा त्यांचा चेहरा. एक बाई तिसरा वडा घेताना म्हणाल्या, "वरती जेवढं जाळलं ना ताई, त्यातलं थोडंच परत घेतेय." उरलेल्यांना वास नकोसा झाला होता. मी त्या दुसऱ्या गटात होते. पहाटेपासून पोटात काही नव्हतं, पाय लटपटत होते, तरी खाण्याची इच्छाच नव्हती. जीभ कोरडी, पोट बंद, दुकानाचं शटर ओढल्यासारखं.

"बघ," दादा म्हणाला, "तुलाही नाही ना लागली? एका दिवसात! मला तर सवयच झालीय. घरी जाऊन कोरा चहा, बास."

साळवी सर माईकशिवायच भाषण करत होते. त्यांच्या मते, व्यायामानंतर ज्याला भूक लागत नाही त्याचं शरीर शुद्ध झालेलं असतं. भूक लागलेल्या अशुद्ध लोकांनी तोंडात वडा धरून टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन अंघोळ झाल्यावर माझी भूक परत आली, आणि ती एकटी आली नाही. वहिनीची थालीपिठं मी किती खाल्ली ते तिनं सौजन्यानं मोजलं नाही. दादानं कोरा चहा घेतला. त्याला मी खूप आग्रह केला.

"आगाशीला राऊतांकडे जायचंय ना? तिकडे जेवायचंच आहे," तो म्हणाला. हे पटण्यासारखं होतं. मी सोडून दिलं.

भालचंद्र राऊत हे दादाचे नोकरीतले मित्र. पश्चिमेला आगाशीकडे त्यांची पिढीजात वाडी (पानवेल, केळी, नारळ आणि फुलांची बागायत). वहिनीचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दोघंच निघालो. स्टेशनपर्यंत रिक्षा, मग पुलाचे जिने चढून पश्चिमेला, मग पुन्हा रिक्षा. जिने उतरताना दादानं कठडा घट्ट धरला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, पुलावर ऊन आहे.

रिक्षात तो भांडला. माझा भाऊ आयुष्यात रिक्षावाल्याशी भांडलेला मी पाहिलेला नाही. तो त्यांची मुलं कितवीत आहेत ते विचारणारा. ड्रायव्हरनं नुसतं विचारलं, "काका, जरा सरकून बसता का?" तर हा ओरडला, "मला शिकवतोस? ओळखतोस का मला?"

"नाही ओ काका," ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. "म्हणून तर काका म्हटलं."

मी दादाकडे पाहिलं. तो बाहेर बघत होता आणि त्याचा ओठ थरथरत होता. रस्त्याच्या कडेला आता जुनी कौलारू घरं, विहिरी, क्रूस आणि तुळशीवृंदावनं एकामागून एक येत होती. एरवी मी रिक्षा थांबवून बघितलं असतं. आता मला फक्त कधी पोचतो असं झालं होतं. अण्णाही शेवटी शेवटी असेच चिडायचे.

राऊतांच्या वाडीत शिरताच गारवा लागला. केळींमधून पाटाचं पाणी वाहत होतं. ओटीवर परातीत सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी) मांडलेली होती. मागच्या अंगणात चुलीवर उकडहंडी (वालाच्या शेंगा, कंद, वांगी असं थंडीतलं सगळं मडक्यात घालून शिजवलेलं) चढली होती आणि ओव्याचा वास दारापर्यंत येत होता. त्या सावलीत, त्या गारव्यात दादाचा सदरा पाठीला चिकटला होता.

"या या साहेब! अहो, काय झालात हे! काडी झालात की!" राऊत हात पसरून पुढे आले.

दादा त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. मग मला म्हणाला, "आपली गाडी कितीची आहे?"

"कुठली गाडी, दादा?"

"नाशिकची. अण्णा फलाटावर थांबलेत."

राऊत हसले, कारण त्यांना तो विनोद वाटला. मला हसू आलं नाही.  पहाटेची गोळी, न खाल्लेला उपमा, दुसऱ्याला दिलेला पेढा, पुलाचे जिने, सगळी पुस्तकं एकदम एका फळीवर आली.

"राऊत, ह्याला मधुमेह आहे. सकाळपासून पोटात काही नाही. साखर द्या, लवकर!"

राऊतांचं हसू विझलं. त्यांच्या थोरल्या भावाचंही असं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. ते आत धावले, पेल्यात साखर ढवळत बाहेर आले. मी दादाला ओटीच्या पायरीवर बसवलं आणि पेला त्याच्या ओठाला लावला. त्यानं एक थेंब चाखला आणि हातानं पेला उडवला. साखरेचं पाणी माझ्या साडीवर सांडलं.

"साखर नाही! रविवारी वजन आहे माझं!"

"दादा, अरे घे रे—"

"फसवता मला? सगळे मिळून फसवता!" तो उठायला लागला आणि पुन्हा खाली बसला. त्याच्या मानेतून घामाचे ओघळ जात होते. डोळे उघडे होते, पण त्यांत तो नव्हता. राऊत डॉक्टरला फोन लावत होते, फोन लागत नव्हता. मी दादाचा हात धरला होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: चंदनसारला फोन करून वहिनीला काय सांगायचं.

तेवढ्यात राऊतकाकू बाहेर आल्या. त्यांनी डोक्यावरून पदर सारखा केला होता, जणू पाहुणे आत्ताच आले आहेत. एका हातात तांब्या-भांडं, दुसऱ्या हातात वाटी. त्या दादासमोर वाकल्या.

"भाऊजी, उन्हातून आलात. आधी गूळपाणी घ्या."

दादानं वर पाहिलं. त्याचा चेहरा बदलला असं म्हणता येणार नाही, पण त्यानं पाय जवळ घेतले. पाठ सरळ केली. दोन्ही हात पुढे केले, लहानपणी आईनं आम्हाला शिकवलं होतं तसे. कोणाच्या घरी गेलं आणि घरच्या बाईनं गूळपाणी पुढे केलं तर नाही म्हणायचं नाही. साखर, वजन, साळवी सर, हे सगळं त्याच्या अलीकडच्या वर्षांतलं होतं. गूळपाणी त्याच्या फार आधीचं होतं. त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला, चावला, पाणी प्यायला. काकूंनी दुसरा खडा पुढे केला. "एकावर नाही उठायचं, भाऊजी." त्यानं तोही घेतला. तिसराही.

मी त्याचा जबडा हलताना बघत होते. माणसाची अक्कल जाते तेव्हा वळण थोडा वेळ मागे थांबतं. मी आयुष्यभर रीतीभातींची थट्टा केली आहे. त्या दिवशी केली नाही.

हळूहळू घाम थांबला. त्यानं ओटीकडे, परातीकडे, मग माझ्या ओल्या साडीकडे पाहिलं.

"पडलीस का कुठे?" त्यानं विचारलं.

मी रडायला लागले. राऊतांना विहिरीकडे काहीतरी काम निघालं.

मग तो जेवला. तांदळाच्या भाकऱ्या, उकडहंडी, केळफुलाची भाजी, पुन्हा भाकऱ्या. काकू वाढत होत्या आणि तो मान वर करत नव्हता. ते जेवण बघून मला आनंद व्हायला हवा होता. पण इतकी भूक त्यानं कुठे दडपून ठेवली होती, या विचारानं मी बेचैन झाले.

त्याच दुपारी राऊतांनी स्वतःच्या गाडीतून आम्हाला माणिकपूरला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या आणि फारशा मृदू नव्हत्या.

"गोळी तीच, खाणं निम्मं, मेहनत दुप्पट," त्या म्हणाल्या. "काय होणार दुसरं?"

"पण मला भूकच लागत नव्हती," दादा म्हणाला.

"दमणूक झाली की भूक काही वेळ गप्प बसते. अंगातलं रक्त पायांकडे धावत असतं, पोटाला कोण विचारतो? म्हणून गरज संपत नाही. काहींना लगेच खावंसं वाटतं आणि ते जाळलं त्याहून जास्त खातात. तुम्हाला लागत नाही आणि तुम्ही त्याचा पराक्रम केलात. दोघंही फसता. तुम्ही गोळी घेऊन फसता, एवढाच फरक."

दादा खाली बघत होता. मी त्याला बाहेर बसवलं आणि अण्णांचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, गोळी बदलली, तपासण्या लिहून दिल्या. "चढू दे त्यांना," त्या म्हणाल्या, "पण खाऊन."

अहवाल येईपर्यंतच्या दिवसांत मी काहीच पाहिलं नाही. वसईत किल्ला आहे, चर्च आहेत, समुद्र आहे असं मी ऐकून आहे. मी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये भांडी घासत होते, घासलेली पुन्हा घासत होते. अखेर कागद आले. अण्णांच्या दुखण्याचं त्यात काही नव्हतं. वहिनीनं देवापुढे निरांजन लावलं आणि तिथेच बसून राहिली.

आता खरा पेच आला. दर्शनाआधी खायचं कसं? दादा ऐकेना. गोळीचा धाक, माझा धाक, काही चालेना. शेवटी वहिनीच म्हणाली, "देवी आई आहे ना? मग आईकडे उपाशी तोंडानं जाऊन तिला कशाला काळजी लावता?"

रविवारी पहाटे त्यानं वाटीभर उपमा खाल्ला, अपराध्यासारखा, दाराकडे पाठ करून. मग आम्ही गेलो. खाली मंडळाचा काटा होता, माईक होता. दादाचं वजन थोडं वाढलं होतं. साळवी सर माईकवरून म्हणाले, "शिस्त सुटली की असं होतं, मित्रहो." शाल तीन वड्यांच्या त्या बाईंना मिळाली. कशी ते मला आजही कळलेलं नाही. दादानं टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या चेहऱ्याकडे बारकाईनं पाहिलं. दुःख होतं, पण घाम नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. राऊतांनी पाठवलेली सुकेळी पिशवीत होती. घाटात बस हलत होती तेव्हा मला जाणवलं की सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही आणि खावंसं वाटतही नाही. मी तर नुसती बसून होते. मेहनतीनं भूक गप्प बसते हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. काळजीनंही बसते हे मी विचारलं नव्हतं.

मी नाशिकला पोचल्यावर, दादानं रोज चढण्याआधी नाश्त्याचा फोटो पाठवायचा असं ठरलं. आधी भरलेली बशी आली. भरलेल्या बशीनं काही सिद्ध होत नाही, असं मी कळवलं. मग रिकामी बशी आली. तिनं त्याहून कमी सिद्ध होतं. आता वहिनी तो खात असताना फोटो काढते. त्यात तो नेहमी रागावलेला असतो. फोटो येईपर्यंत मी नाश्त्याला हात लावत नाही.

आज उजाडून गेलं तरी फोटो आला नाही. पोहे पुढे घेऊन मी बसून राहिले. फोन केला, वाजत राहिला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा दादानं उचलला आणि तोंडात घास कोंबलेल्या माणसाच्या आवाजात खेकसला, "शालू, खाऊ देशील का सुखानं?"

मी फोन ठेवला आणि गार झालेल्या पोह्यांवर लिंबू पिळलं.